नेवासे ते मेमरी चिप

शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली आणि तिची प्रत्येक प्रत पुढे हातानेच उतरवावी लागली. मजकूर साठवणे तेव्हा महाग होते, म्हणून काय जपायचे याचा विचार आधी व्हायचा. युनिकोडमध्ये देवनागरीचे एक चिन्ह साधारण तीन बाइट घेते. त्या हिशेबाने सुमारे नऊ हजार ओव्या दोनेक मेगाबाइटांत बसतात. मोबाइलवरचा एखादा फोटोही पुष्कळदा याहून मोठा असतो! जागा शब्द खात नाहीत, चित्रे आणि व्हिडिओ खातात. तेही बहुतेक आपण काढलेले नसतात, ग्रुपांवरून आपोआप उतरलेले असतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिप महागल्या आहेत. अशा वेळी नवा फोन घेताना अहिल्यानगरच्या शेतकऱ्याने किंवा विद्यार्थ्याने २५६ जीबी साठवणुकीसाठी जादा पैसे मोजू नयेत, असे मला ठामपणे वाटते. फोन, व्हॉट्सॲप, यूपीआय आणि सातबारा यांना १२८ जीबी पुरते. यावर आक्षेप येईल की अॅप दरवर्षी जड होतात. २००८च्या पहिल्या अँड्रॉइड फोनची रॅम १९२ एमबी होती, आज तेवढ्यात काहीच चालणार नाही. आक्षेप खरा आहे, पण तो रॅमला लागू पडतो. फोटो संगणकावर हलवता येतात, रॅम मात्र नंतर बदलता येत नाही. फोन चार-पाच वर्षे वापरायचा असेल, तर सहाऐवजी आठ जीबी रॅमवर खर्च करावा.