अमली पदार्थांचे कारखाने : छाप्यानंतर काय?

फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोन अर्थात ‘एमडी’चा कारखाना उघडकीस आणला. अशा कारवाईचा आधार आहे १९८५चा एनडीपीएस कायदा. मेफेड्रोनचा समावेश त्यात २०१५मध्ये झाला.

माहिती मिळताच अधिकाऱ्याने ती लिहून घेणे आणि ७२ तासांत तिची प्रत वरिष्ठांकडे पाठविणे कलम ४२नुसार आवश्यक असते. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत वॉरंटविना झडती घेता येते. रात्री मात्र त्याची कारणे नोंदवावी लागतात. कारखान्यातील ज्वलनशील द्रावके आणि विषारी वाफा यांमुळे पथकालाही धोका संभवतो.

कलम ५२-अ नुसार जप्त मालाची यादी, छायाचित्रे आणि नमुने दंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणित करून घेतले जातात. अटक व जप्तीचा अहवाल ४८ तासांत वरिष्ठांना द्यावा लागतो.

मेफेड्रोनचे ‘व्यावसायिक प्रमाण’ ५० ग्रॅमपासून मोजले जाते. त्यासाठी किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. शिक्षा एवढी कठोर असल्याने न्यायालये प्रक्रियाही काटेकोरपणे तपासतात. एखादी गंभीर त्रुटी आरोपीच्या सुटकेस कारण ठरू शकते. म्हणूनच छाप्याइतकेच महत्त्व कागदोपत्री नोंदींना आहे.