कॅड प्रणाली बदलताना : स्केचमधील मापांचा अर्थ

ऑटोकॅडमधील रूढ पद्धतीत रेषा आधी अचूक लांबीची काढली जाते व माप नंतर दिले जाते. ते माप रेषेची लांबी केवळ नोंदवते. १९९५ साली आलेल्या सॉलिडवर्क्समध्ये हा क्रम उलटा आहे. तेथे स्केच अंदाजाने काढले तरी चालते; माप देताच रेषा त्यानुसार बदलते. एका प्रणालीकडून दुसरीकडे वळणाऱ्याने हा फरक प्रथम समजून घ्यावा.

उदाहरणार्थ, एक छिद्र असलेली आयताकृती पट्टी घ्या. तिचा एक कोपरा मूळबिंदूवर ठेवून बाजू आडव्या व उभ्या निश्चित केल्या, की ५ मापे पुरतात : लांबी, रुंदी, छिद्राचा व्यास आणि लगतच्या दोन कडांपासून छिद्राच्या केंद्राची अंतरे. स्केच अपुरे असेपर्यंत अनिश्चित रेषा निळ्या दिसतात. पूर्ण होताच त्या काळ्या होतात. सहावे माप द्यायचेच झाल्यास ते केवळ संदर्भापुरते ठेवावे.

छिद्र कायम मध्यभागी हवे असेल, तर अंतरांची २ मापे टाळून त्याचे केंद्र आयताच्या कर्णाच्या मध्यबिंदूशी जोडावे. अन्यथा पुढे पट्टीची लांबी वाढवल्यावर छिद्र जुन्याच अंतरावर राहते आणि सदोष आराखडा कार्यशाळेपर्यंत पोहोचतो.