दर्याचा नारळ

समुद्र जे आणून टाकतो त्यावर पत्ता नसतो. शंख-शिंपले आपण ओळखतो. पण एखादी वस्तू अशी येते की, पिढ्यान्‌पिढ्या तिचे गाव सापडत नाही. दर्याच्या नारळाचे असेच झाले.

दोन नारळ एकत्र जोडावेत तशी ही काळी, जड करवंटी मालदीव बेटांच्या किनाऱ्याला लागे. झाड मात्र कोणी पाहिलेले नव्हते. मग ते समुद्राच्या तळाशीच असणार, असा तर्क निघाला! पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या नारळाची दखल घेतली आहे. विषावरचा उतारा अशी त्याची ख्याती होती. मालदीवमध्ये तो सापडला की राजाचा. १६०२ साली जहाज फुटून तेथे अडकलेला फ्रेंच प्रवासी पिरार सांगतो, की कोणी एकाएकी श्रीमंत झाला तर त्याला हा नारळ सापडला असावा, असे लोक म्हणत. त्याच वर्षी प्रागमध्ये सम्राट दुसऱ्या रुडॉल्फसाठी अशी करवंटी चांदीत मढवून तिची सुरई घडवण्यात आली. ती आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. आणि आपल्याकडे? इथे याच करवंटीचा कटोरा फकिराच्या हाती असे. मला या दोन चित्रांची मोठी गंमत वाटते.

१७६८ साली कोडे सुटले. सेशेल्समधील प्रालँ बेटावर फ्रेंचांना या झाडांचे रानच आढळले. पुढच्याच वर्षी तेथून जहाज भरून नारळ निघाले आणि भाव कोसळला.

पण खरी गोष्ट मला पुढेच दिसते. आपला कोकणातला नारळ सोडणाच्या बळावर तरंगतो आणि दूरच्या वाळूत रुजूही शकतो. दर्याचा ताजा नारळ मात्र इतका जड, की तो बुडतो. आतला गर कुजून गेला, की मगच पोकळ करवंटी वर येते. म्हणजे दोन हजारांहून अधिक किलोमीटर वाहत आलेला, राजाने कुलपात ठेवलेला तो प्रत्येक नारळ निर्जीव होता. म्हणूनच तो कुठेही रुजला नाही. आजही ही झाडे रानात वाढतात ती प्रालँ आणि शेजारच्या क्यूरियझ बेटावरच. प्रालँवरील व्हॅली द मे हे त्यांचे वन १९८३ पासून जागतिक वारसा आहे.

दिवाळीच्या सुटीत मुलांना किनाऱ्यावर एखादी अनोळखी बी सापडली, तर ‘हे काय?’ एवढेच विचारू नका. ‘हे तरंगले कसे?’ हेही विचारा. त्या नारळाचे उत्तर तिथेच होते.