कोऱ्या चहाच्या मागावर

डोळे चुरचुरतात. तुम्ही एका लाकडी इमारतीच्या वरच्या मजल्यावर उभे आहात. खाली पाइनची लाकडे जळताहेत आणि फटींतून ऊब नि धूर वर येतो आहे. शतक सतरावे, गाव तोंगमू, चीनच्या फुजियान प्रांतातल्या वूयी पर्वतातले. बाहेर पाऊस, ऊन नाही. म्हणून बांबूच्या चटयांवर पसरलेली पाने या उबेवरच कोमेजतात. मऊ पडली की हातांनी मळायची, रस सुटला की तांबूस होईपर्यंत झाकून ठेवायची आणि पुन्हा धुरावर वाळवायची.

कुणीतरी वाटी पुढे करते. दूध नाही, साखर नाही. रंग लाल, चिनी भाषेत याला ‘होंगछा’, म्हणजे लाल चहाच म्हणतात. युरोपियनांनी कोरड्या पत्तीचा रंग पाहून ‘काळा’ म्हटले. पहिल्या घोटाला धूर, मागाहून लीचीच्या कुळातल्या लाँगन फळाची गोडी. जगातला पहिला काळा चहा इथला, असे मानले जाते. युरोप याला लापसांग सूचाँग म्हणणार आहे.

पापणी लवते आणि तुम्ही अठराव्या शतकाच्या अखेरीस कँटनजवळच्या व्हाम्पोआ बंदरात आहात. मुंबईहून आलेल्या कापसाच्या गाठी उतरताहेत, चहाच्या पेट्या चढताहेत. गलक्यात एक शब्द ओळखीचा लागतो: ‘छा’. पेट्यांची नावे मात्र निरनिराळी. बोही स्वस्त नि जाडाभरडा, काँगू त्याहून बरा, सूचाँग आणखी वरचा. चहा एकच नसतो, हे इथला हमालही जाणतो.

आता आन्हुई प्रांतातले छीमन, 1870च्या दशकाची अखेर. परवापर्यंत इथे हिरवा चहाच होत असे. फुजियानमध्ये नोकरी केलेल्या यू गानछन यांनी 1875च्या सुमारास काळ्या चहाची रीत इकडे आणली. खोलीत चाळण्यांची लय चालू आहे. पत्ती चाळायची, पाखडायची, काड्या वेचायच्या, पुन्हा चाळायची. या निगुतीच्या कामाला ‘गोंगफू’ म्हणतात. बंदरातला ‘काँगू’ याच शब्दाचा अपभ्रंश. तळहातावरची पत्ती तारेसारखी बारीक नि एकसारखी आहे. वाटीत धुराचा मागमूस नाही. मध, सफरचंद आणि ऑर्किडच्या फुलाचा हलका वास.

1939. युनान प्रांतातले शुननिंग, आजचे फंगछिंग. जपानशी युद्ध पेटले आहे, पूर्वेकडचे चहाचे मुलूख संकटात आहेत आणि देशाला परकीय चलन हवे आहे. त्यासाठी फंग शाओछ्यू इथे नवा काळा चहा घडवताहेत. झाड आसामच्या चहाच्या जातीचे; पान रुंद, कळी जाड नि लवदार. वाळल्यावर ती लव सोनेरी होते. हा दियानहोंग. घोट भरदार, माल्टसारखा गोड, शेवटी मिरीची चुणूक. छीमनची नजाकत इथे शोधू नका. इथले पानच वेगळे आहे.

2005. पुन्हा तोंगमू. या वेळी डोळे चुरचुरत नाहीत. समोरच्या ‘जिन जुन मेई’ या काळ्या चहात फक्त कोवळ्या कळ्या आहेत, अर्ध्या किलोसाठी पन्नास हजारांवर कळ्या खुडाव्या लागतात. गाव तेच, तरी धुराऐवजी मध आणि फुले. किंमत वाढली तसा नकली मालही बाजारात उतरला.

परत या. समोर तुमचाच कप आहे. गाव चव देते, जात अंगकाठी देते; पण दर्जा खुडणाऱ्याच्या आणि मळणाऱ्याच्या हातात असतो. तीव्र धूर जाडीभरडी पत्ती लपवू शकतो, आणि सोनेरी कळ्या दिसल्या म्हणून चव हमखास येत नाही. म्हणून नावाला भुलू नका. थोडी पत्ती आणा, उजेडात धरून पाहा, हुंगा आणि पहिला कप कोराच प्या. त्यात गोडी मागे रेंगाळली, तर चहा चांगला आहे.