मुखवट्यामागचे राजकारण : सुपरहिरोपटांतील रूपक आणि नैतिक संदिग्धता

राजकीय रूपक म्हणजे समकालीन सत्तासंघर्षाची कल्पित कथेच्या आवरणाखाली केलेली मांडणी. अमेरिकी सुपरहिरोंच्या कथांना हे अंग प्रारंभापासूनच आहे. मार्च १९४१ ही तारीख छापलेल्या ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरला ठोसा लगावताना दिसतो. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. तेथे सज्जन कोण आणि दुर्जन कोण, याविषयी शंकेला जागा नव्हती.

११ सप्टेंबर २००१ नंतर ही निःशंकता ओसरली. ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) जोकरचा माग काढण्यासाठी बॅटमॅन गॉथममधील प्रत्येक मोबाइल फोनला हेरगिरीचे साधन बनवतो. सहकारी लुशियस फॉक्स आक्षेप घेतो, तरीही एकदाच साहाय्य करतो; कार्यभाग साधताच यंत्रणा नष्ट होते. अमेरिकी सरकारची वॉरंटविना चाललेली पाळत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने डिसेंबर २००५ मध्ये उघडकीस आणली होती. त्यामुळे या प्रसंगाचा रोख प्रेक्षकांना सहज उमगला.

अर्थाविषयी मात्र एकमत झाले नाही. आणीबाणीत नियम मोडण्याचे हे समर्थन आहे, असे काहींनी मानले. इतरांनी शेवटाकडे बोट दाखवले: नायक फरारी होतो आणि शहराची शांतता हार्वी डेंटविषयीच्या असत्यावर उभी राहते. २०१२च्या उत्तरभागात ते असत्य उघड होते.

‘कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर’ने (२०१४) प्रश्न पुढे नेला. येथे बँकेतील नोंदी, ईमेल, मतदानाचा कल यांवरून भावी ‘धोकादायक’ व्यक्ती हेरून त्यांना आधीच ठार मारण्याची योजना आहे. एडवर्ड स्नोडेन यांचे गौप्यस्फोट जून २०१३चे. चित्रीकरण त्यापूर्वीच सुरू झाले होते. कथेची एक पळवाट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. योजनेमागे हायड्रा ही छुपी दुष्ट संघटना निघते. त्यामुळे हीच यंत्रणा सज्जनांच्या हाती असती तर ती क्षम्य ठरली असती का, हा अधिक अवघड प्रश्न बाजूला पडतो.

वास्तवात तो टळत नाही. ‘द डार्क नाइट’ प्रदर्शित होण्याच्या आठ दिवस आधी, १० जुलै २००८ रोजी, अध्यक्ष बुश यांनी विदेशी हेरगिरीविषयक कायद्याच्या दुरुस्तीवर स्वाक्षरी केली. तिच्यातील कलम ७०२ अमेरिकेबाहेरील परकीय नागरिकांच्या संदेशांवर व्यक्तिगणिक वॉरंटविना पाळत ठेवण्यास मुभा देते. लक्ष्य ठरलेल्या व्यक्तीशी अमेरिकेतून बोलणाऱ्याचे संभाषणही त्यात नोंदले जाऊ शकते. दोन देशांत विभागलेल्या कुटुंबांना हा तपशील दूरचा नाही. फॉक्सने स्वतःचे नाव टंकताच पडद्यावरील यंत्र कायमचे बंद पडले. कलम ७०२ला २०१२, २०१८ आणि २०२४ मध्ये मुदतवाढ मिळाली.