डार्विनची मासळी, जेनिन्सचे बारसे

फिशटँकच्या तळाशी मिशांनी वाळू चाचपणारा पेपर्ड कोरीडोरास बाजारात ‘सफाईवाला’ म्हणून विकला जातो. त्याचा इतिहास थेट ‘बीगल’ जहाजापर्यंत जातो.

१८३१ साली त्या सफरीवर निसर्गअभ्यासक म्हणून जाण्याची संधी लिओनार्ड जेनिन्स या पाद्र्याकडे आली होती. आपले चर्च सोडवेना म्हणून त्याने नकार दिला, डार्विन गेला. गंमत अशी, की डार्विनने आणलेले मासे अभ्यासासाठी जेनिन्सकडेच आले. १८४२ मध्ये त्यानेच दक्षिण अमेरिकेतील या चिलखती माशाला ‘पॅलिएटस’ हे नाव दिले.

हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, आतड्यातून प्राणवायू शोषतो. त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तगतो. शेवाळ व विष्ठा साफ करणे मात्र त्याचे काम नव्हे. त्याला मऊ वाळू, सोबतीला स्वजातीय आणि वेगळे अन्न लागते.