लग्नातला रॉक आणि ‘चार्टर ७७’

ऑगस्ट १९६८ मध्ये वॉर्सा कराराच्या सैन्याचे रणगाडे प्रागमध्ये शिरले. त्यानंतर काही आठवड्यांतच मिलान ह्लावसा या सतरा वर्षांच्या मुलाने मित्रांसह एक रॉक बँड उभा केला. फ्रँक झापाच्या एका गाण्यावरून त्याचे नाव ठेवले ‘द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’.

हा क्रम पाहून हा बँड क्रांतिकारकांचा असावा, असा समज सहज होतो. वस्तुतः या तरुणांना राजकारणात फारसा रस नव्हता. त्यांचे केस लांब होते, संगीत कर्कश होते आणि सरकारी समितीला रुचेल असे वाजवण्याची त्यांची तयारी नव्हती. १९७० मध्ये त्यांचा व्यावसायिक परवाना गेला. मग खासगी समारंभांचा आडोसा घेऊन खेडोपाडी मैफली होऊ लागल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये बँडचे मार्गदर्शक इव्हान यिरोउस यांचे स्वतःचे लग्नच बोयानोव्हित्से गावी संगीतमहोत्सव ठरले.

पुढच्याच महिन्यात धरपकड झाली. गंमत अशी की, नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार चेकोस्लोव्हाकियात लागू झाला तो याच मार्चमध्ये, २३ तारखेला!

सप्टेंबरमध्ये खटला चालला. आरोप राजद्रोहाचा नव्हता, हुल्लडबाजीचा होता; गीतांतील अश्लील शब्द हा पुरावा. यिरोउस यांना १८ महिने, सॅक्सोफोनवादक ब्राबेनेत्स यांना ८ महिने कैद झाली. राज्यसंस्थेची चूक नेमकी येथे झाली. विरोधी नेत्याला पकडले असते, तर त्याने जोखीम पत्करलीच होती, असे लोकांना म्हणता आले असते. येथे मात्र केवळ आपल्या पद्धतीने जगू पाहणारी मुले तुरुंगात गेली होती. न्यायालयात उपस्थित असलेले नाटककार वात्स्लाव हावेल यांनी हे ओळखले.

रॉकशी काडीचाही संबंध नसलेले लेखक, तत्त्वज्ञ आणि पक्षातून हाकललेले जुने साम्यवादी या खटल्यामुळे एकत्र आले. जानेवारी १९७७ मध्ये दोनशेहून अधिक सह्यांचे ‘चार्टर ७७’ प्रसिद्ध झाले. सरकारनेच स्वीकारलेला तो करार पाळा, एवढीच त्याची मागणी. चार्टरचे एक प्रवक्ते, ६९ वर्षांचे तत्त्वज्ञ यान पातोच्का, पोलिसांच्या प्रदीर्घ चौकशीनंतर १३ मार्च रोजी मरण पावले.

ब्राबेनेत्स यांना १९८२ मध्ये कॅनडा गाठावा लागला. बँड १९८८ मध्ये फुटला, हावेल राष्ट्राध्यक्ष होण्याच्या एक वर्ष आधी. चार्टरच्या विसाव्या वर्षी, १९९७ मध्ये, हावेल यांच्याच सूचनेवरून ते पुन्हा एकत्र वाजले.